जन्मदाखला

वेंगुर्ल्याच्या बाजारात माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान.
डोळ्याला भिंग लावून दिवसभर
दातेरी चाकांच्या मागे असते,
म्हणून असेल,
हवा झाला तो घोडाही तेवढाच:
रुपयाच्या नाण्यात उभा मावेल असा,
पाण्यातला, बुटका,
शेपटीनं गवत धरून राहणारा.

काउंटरवर वीस लिटरची काच,
आत खारं पाणी, तीन महिने नुसतंच.
गिऱ्हाईक विचारतं, यात काय आहे?
मी म्हणते, अजून काही नाही.
ते पुन्हा वाकून बघतं.

कोल्हापुरात एकाला फोन लावला.
आहेत की ताई, पंधरा जोड्या, उद्या एसटीत बसवतो.
जन्म कुठला?
टाकीतलाच.
कुणाच्या टाकीतला?
तर म्हणाला, समुद्र म्हणजे तरी काय, देवाची टाकीच की.

दुसऱ्यानं फोटो पाठवला.
तोच फोटो आधी दोघांनी पाठवला होता,
कोपऱ्यातल्या त्याच फुटक्या शिंपल्यासकट.

मग स्थळ बघायला निघाल्यासारखी वही केली.
आईबाप दाखवाल का.
जन्मतारीख.
काय खातात, आणि माझ्यासमोर खातील का.
परवान्याचा कागद.
मागच्या खेपेत किती मेले?
या प्रश्नाला बरेचदा रेंज जाते.

मे महिन्यात दाजी मालंडकर
ट्रॉलरवरून उतरला तो थेट दुकानात,
हातात पाण्याची बाटली, झाकणाला भोक.
"घे गो, घोडो. जाळ्यात गावलो.
सुकवन इकलो तर पैशे गावतत,
पण म्हटला हिका होयो."
आत आपल्याच समुद्रातला, बोटाहून लांब, पिवळट,
बाटलीला तोंड टेकवून.
पोट तट्ट फुगलेलं.
नर होता. पोटुशी.
शब्द बाईचा आहे, पण दुसरा सापडत नाही.

खोटं कशाला बोलू,
एक डोळा गेला माझा टाकीकडे.
तीन महिने मुरवलेलं पाणी, तयार.
कोण मागणार होतं जन्मदाखला.

शटर अर्धं ओढून बंदरावर गेलो.
दाजीच्या भावाची होडी, खडकाच्या आडोशाला शेवाळ.
बाटली आडवी केली तरी बाहेर येईना,
आणि आला तो शेपटीनं करंगळी धरून,
घड्याळातल्या केसाएवढ्या स्प्रिंगचा जोर असतो
तेवढ्याच जोरानं.
थांबले. मग सुटला.
शेवाळापर्यंत पोचला की नाही, दिसलं नाही.
पाणी गढूळ होतं.

"फुकटचो सोडलंस," दाजी वल्हं मारत म्हणाला,
"आता पैशे मोजून इकत घेतलंस?"
होय म्हटलं.
बंदर येईपर्यंत तो काही बोलला नाही.

रत्नागिरीच्या मोहिद्दीन वस्तांचा नंबर
एका घड्याळ घ्यायला आलेल्या मास्तरांनी दिला.
बँकेतून निवृत्त कॅशियर, मागच्या पडवीत अकरा टाक्या.
मी वही उघडायच्या आत
त्यांनीच विचारायला सुरुवात केली:
पाणी किती खारं? मोजलंत कशानं?
दिवसातून दोनदा आर्टेमिया उबवाल?
तुम्ही लग्नाला गेलात तर कोण घालील?
घामाघूम झाले.
मग स्वतःहून म्हणाले,
गेल्या खेपेत चाळीसांतली एकतीस गेली माझी.
चूक माझीच. तारीख लिहून ठेवलीय.
आत्ता देण्याजोगे नाहीत.
एक नर भरलाय, पण दोन महिने पिल्लं दारातून बाहेर काढत नाही.
गणपतीनंतर या. स्वतः या. आईबाप बघा.
एसटीनं मी माणूससुद्धा पाठवत नाही.

वहीत त्यांच्या नावापुढे
किंमत लिहायची राहिलीच.

आता रोज सकाळी, दाजीच्या त्याच बाटलीत,
बूड कापून, उलटी टांगून,
आर्टेमियाची अंडी उबवते.
दिवा लावला की केशरी धूळ
दिव्याच्या बाजूला सरकते.
खायला कोणी नाही. हात बसावा म्हणून.

काल दाजी पट्टा बदलायला आला.
"इलो घोडो?"
गणपतीनंतर, म्हटलं.
तो स्टुलावर बसला,
पट्टा बसवून झाला तरी बसला,
रिकाम्या पाण्यात बघत.